मधोमध रेघ असलेली पांढरी गोळी

ताईला कारखान्यात सगळ्याजणी 'घार' म्हणायच्या. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणायच्या, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. काम होतं औषधांच्या कारखान्यात, पॅकिंगच्या लांबट हॉलमध्ये. यंत्रातून गोळ्यांची पाकिटं खटाखट बाहेर पडायची, रबरी पट्ट्यावरून सरकत तिच्यापुढे यायची आणि तिनं नुसतं बघायचं. एखाद्या कप्प्यात गोळी नसली, एखादीचा टवका उडालेला असला, मागच्या चंदेरी कागदावरची तारीख पुसट उमटली असली, की पट्टा न थांबवता ते पाकीट अलगद उचलून लाल खोक्यात टाकायचं. नव्या मुली आठवडाभरात डोळे चोळून बेजार व्हायच्या. ताई मात्र शेजारणीशी घरचं-दारचं बोलत असायची आणि बोलता बोलता तिचा हात जायचा तो नेमका रिकाम्या कप्प्यावर. सुपरवायझर म्हणायचा, हिच्यापुढून माशीसुद्धा तिकीट काढल्याशिवाय जायची नाही.

ती तिथे लागली तेव्हा तिला एवढंच माहीत होतं की इथे औषधं बनतात आणि पगार वेळेवर होतो. पहिल्याच आठवड्यात पट्ट्यावरून एक पाकीट आलं आणि ती थबकली. छोटी, पांढरी, मधोमध रेघ असलेली गोळी. नाव वाचायची गरजच नव्हती. तिच्या धाकट्या भावाची गोळी होती ती. परक्या गावात अचानक माहेरचं माणूस दिसावं तसं तिला झालं. पट्टा पुढे सरकला, शेजारणीनं कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठे ती भानावर आली.

भावाला ती सोन्या म्हणायची. डोक्यावरचे केस विरळ झाले, चाळिशीचा चष्मा लागला, तरी सोन्याच. तो लहान असताना एकदा ताप डोक्यात गेला आणि त्यातून उठला तो आकडी घेऊनच. जेवताना, खेळताना, रस्त्यानं चालताना, कुठेही धाडकन पडायचा. आई होती तोवर आई धावायची, आई गेल्यावर ताई. त्याला कुशीवर वळवायचं, मानेखाली काहीतरी मऊ सरकवायचं, जमलेल्या लोकांना मागे हटवायचं आणि तो डोळे उघडेपर्यंत कपाळावर हात ठेवून बसायचं, हे ती न्हाणीघरात पाणी तापवावं इतक्या सहज करायला शिकली होती. शाळेनं त्याला घरी पाठवलं. पुढे किराणाच्या दुकानातून, मग छापखान्यातून, मग एका गोदामातूनही तो घरी आला. कुणी वाईट बोललं नाही. निरोप पाठवू, मग ये, म्हणायचे. निरोप काही यायचा नाही.

मग सरकारी दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ही गोळी सुरू केली. हळूहळू आकड्या कमी झाल्या, मग थांबल्याच. गोळी जुनी होती, साधी होती आणि भलतीच स्वस्त. सुट्या पैशांऐवजी दुकानदार चॉकलेट देतात ना, त्याऐवजी हीच दिली तरी चालेल, असं सोन्या म्हणायचा. त्या गोळीच्या जोरावर त्याला चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेमच्या मापात बसवायच्या. दुकानाच्या मालकांना सगळे काकाच म्हणत. काकांना त्यानं पहिल्याच दिवशी आपलं दुखणं सांगून टाकलं. काका म्हणाले, पडलास तर काच सांभाळून पड. तेवढ्यावर त्याची नोकरी पक्की झाली.

घरात दोघंच. ताईचं लग्न राहून गेलं. भावासाठी राहिलं असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, नाही हो, आळसानं राहिलं. एक खोली, पलीकडे स्वयंपाकाचा ओटा आणि त्यावर फळी. संध्याकाळी जेवण झालं की सोन्या गोळी घ्यायचा, पाणी प्यायचा आणि ठरलेलं वाक्य टाकायचा, "चला, आज पण तुझ्या हातची खाल्ली." कधी लहर लागली की तो सांगायचा, आपल्या घराण्याचा धंदाच डोळ्यांचा आहे, एक डोळे फोडून बघते, दुसरा लोकांना बघायला लावतो. विनोद फार काही थोर नव्हते. पण ज्या घरात वर्षानुवर्षं फक्त पडल्याचा आवाज ऐकला, त्या घरात असले विनोदही चालतात.

असं बरं चाललेलं असताना पट्टा थांबायला लागला. आधी महिन्यातून एकदा, मग दर आठवड्याला. पांढऱ्या गोळीची पावडर आली नाही म्हणायचे आणि बायकांना दुसऱ्या कामाला लावायचे. मग एक दिवस सुपरवायझरनं सगळ्यांना उभं करून सांगितलं की या गोळीचा हा शेवटचा माल. पुढच्या महिन्यापासून याच लाइनवर ताकदीच्या नारिंगी गोळ्या चालतील. कुणाचीही नोकरी जाणार नाही. बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. एकीनं तर हात जोडले. ताई तिथून थेट प्लँटच्या साहेबांच्या खोलीकडे गेली. इतक्या वर्षांत तिनं त्या दाराची कडी वाजवली नव्हती.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि बंद का करताय म्हणून तिनं विचारल्यावर तिला कळेल अशा बेतानं समजावलं. ही गोळी देशानं गरजेच्या औषधांत धरलेली. तिचा भाव सरकारनं बांधून दिलेला, गरिबालाही ती घेता यावी म्हणून. त्यात सरकारचं काही चुकलं नाही. पण पावडर बाहेरच्या देशातून येते आणि तिचा भाव कुणी बांधत नाही. तो वाढत वाढत कुठल्या कुठे गेला. आता बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाकिटामागे कंपनीच्या खिशातून पैसे जातात. भाव थोडा वाढवून द्या असं दरवर्षी वर लिहितो, फाइल कुठे तरी बसून आहे. बाकीच्या कंपन्यांनी केव्हाच हात वर केले होते, आपणच तेवढे उरलो होतो.

"मग खाणाऱ्यांनी काय करायचं?" ताईनं विचारलं.

"नवी औषधं आली आहेत, बाई. जास्त चांगली आहेत म्हणतात." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या घरी कुणी घेतं का?"

"भाऊ."

साहेबांनी समोरचा कागद उगाच सरळ केला. मग म्हणाले, "डॉक्टरांना आजच गाठा. ही गोळी एकदम तोडायची नसते. आणि दुकानातून मिळतील तेवढ्या घेऊन ठेवा. हे मी सांगितलं म्हणून बाहेर बोलू नका."

ताईनं त्या आठवड्यात औषधांची सगळी दुकानं पालथी घातली. काही ठिकाणी नुसती मान हलायची. काही ठिकाणी दुकानदार विचारायचा, कोणती, ती जुनी? ती कोण ठेवतंय आता, तिच्यात आम्हाला काय सुटतं? तिच्या नेहमीच्या दुकानदारानं, चौकातल्या टकलू औषधवाल्यानं, आतल्या कपाटातून दोन पाकिटं काढली आणि एकच पुढे केलं. आणखीही लोक येतात हो, सगळी तुम्हालाच कशी देऊ, म्हणाला. खरंच होतं त्याचं. तरी ताईचा त्याच्यावर राग राहिला.

आणि मग तिनं ते केलं, जे स्वतःबद्दल कुणी सांगितलं असतं तर तिनं ऐकूनही घेतलं नसतं. शेवटचा माल चालू झाला त्या दिवशी लाल खोक्यातली काही पाकिटं तिनं जेवणाच्या डब्यात घातली. टाकायचाच माल तो, यंत्रात घालून भुगा करायचे त्याचा. दुसऱ्या दिवशीही घातली. पण घरी नेऊन बघते तर कुठे टवके उडालेले, कुठे कप्पे रिकामे. मग शेवटच्या दिवशी पट्ट्यावरून चांगली, भरलेली, स्वच्छ छपाईची पाकिटं येत होती, आणि घार त्यांतली उचलून उचलून लाल खोक्यात टाकत होती. शेजारणीच्या लक्षात आलं. फक्त त्या दिवशी तिनं गप्पा मारल्या नाहीत.

फाटकावर झडती घेणारी बाई रोज सगळ्यांचे डबे उघडून बघायची. तिनं ताईचा डबा उघडला. आत पाकिटंच पाकिटं. तिनं ताईकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं.

"काय उरलंय गं डब्यात?"

ताईनं नजर खाली घातली.

"सांडेल वाटेत. झाकण नीट लाव," असं म्हणून तिनंच झाकण दाबून बसवलं आणि पुढचीला हाक मारली.

ती सगळी पाकिटं, दुकानातली आणि कारखान्यातली, ताईनं पत्र्याच्या एका डब्यात एकत्र भरून वरच्या फळीवर ठेवली. वर्षभर तरी जातील असा तिचा अंदाज होता. वर्षभरात काहीतरी होईल, फाइल उठेल, कुणीतरी पुन्हा बनवेल.

सरकारी दवाखान्यात आता म्हाताऱ्या डॉक्टरांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं नीट ऐकून घेतलं आणि नवी गोळी लिहून दिली. जुनी थोडी थोडी कमी करायची, नवी थोडी थोडी वाढवायची. नवी दवाखान्यात नव्हती, बाहेरून घ्यायची, आणि तिच्यापायी ताईनं घरातल्या बऱ्याच गोष्टींना फाटा दिला. तेही जमलं असतं. पण सोन्याला ती मानवली नाही. आकडी आली नाही, माणूसच बदलला. भात गार झाला म्हणून त्यानं ताट ढकललं. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या अंगावर ओरडला आणि हातातली फ्रेम भिंतीवर फेकली. घरी येऊन ढसाढसा रडला. म्हणाला, ताई, माझ्या आत कुणीतरी दुसराच बसलाय गं. डॉक्टरीण म्हणाली, काहींना होतं असं. दुसरी एक आहे, पण ती आणखी महाग. फळीवर आहेत तोवर जुन्याच चालू ठेवा, मी चौकशी करते.

जुनी गोळी पुन्हा सुरू झाली आणि सोन्या पुन्हा सोन्या झाला. फक्त एक फरक केला. संध्याकाळी घेतली की सकाळी जडपणा राहतो, आता दुपारी जेवणानंतर घेत जाईन, असं तो म्हणाला. रोज सकाळी डब्यातून एक गोळी काढायचा, चष्म्याच्या मऊ फडक्यात गुंडाळायचा आणि खिशात ठेवून जायचा. ताईला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्याच सुमारास त्यानं जेवताना एक हकिकत सांगितली होती. दुकानाबाहेर एक चहावाली बसायची, त्यांच्याच वयाची, स्टोव्ह आणि दोन बाकडी एवढाच पसारा. ती त्या दुपारी उकळत्या चहापाशीच पडली. लोक नुसते बघत राहिले, कुणी नाकाला चप्पल लावायला निघालं. सोन्या आतून धावत आला. स्टोव्ह पायानं लांब सारला, तिला कुशीवर वळवलं आणि ती डोळे उघडेपर्यंत कपाळावर हात ठेवून बसला. "पहिल्यांदा कळलं ताई, वरून कसं दिसतं ते," तो म्हणाला. "तू इतकी वर्षं कसं बघत आलीस?" ताई म्हणाली, जेव आता. त्या बाईची गोळी कोणती आणि ती का बंद झाली, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

पुढे पुढे काही बारीकसारीक गोष्टी होत गेल्या. एकदा सोन्या एकाच बाजूनं चावून जेवत होता. दाढ दुखते म्हणाला. एकदा चादर ओली होती. पाण्याचा तांब्या लवंडला म्हणाला. एकदा बोलता बोलता मधेच थांबला, समोर बघत राहिला, आणि मग बोलणं दुसरीकडूनच सुरू केलं. ताईनं हे सगळं पाहिलं आणि सगळं सोडून दिलं. डबा रोज एका गोळीनं कमी होत होता, तेव्हा काळजीचं कारण नव्हतं.

निरोप आला तो भर दुपारी, नारिंगी गोळ्यांचा पट्टा चालू असताना. सुपरवायझर स्वतः तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, चष्म्याच्या दुकानातून फोन आहे, तुम्ही निघा.

सोन्याला दुकानातच आकडी आली होती. ती थांबली, आणि तो डोळे उघडायच्या आत दुसरी आली. मग तिसरी. काकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, वाटेतही चालूच. ताई पोचली तेव्हा त्याला आत नेलं होतं. दारातल्या काचेतून तिला फक्त त्याचे पाय दिसत होते, एका पायात चप्पल, एक अनवाणी. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, गोळ्या चुकवत होता का?

"एकही नाही," ताई म्हणाली. "अजूनही भरपूर आहेत घरात."

डॉक्टरांनी हातातला कागद पुन्हा पाहिला. रक्तात औषध फारच कमी आहे म्हणाले. रोज घेणाऱ्या माणसाच्या रक्तात असं नसतं.

आकड्या संध्याकाळी थांबल्या, पण सोन्या जागा झाला नाही. ताई त्याच्या उशाशी बसून होती. कपाळावर हात ठेवायची तिची सवय, पण तिथे नळ्या होत्या, म्हणून तिनं हात त्याच्या घोट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपार कलायला लागली तेव्हा तो गेला. चष्मेवाले काका बाहेरच्या बाकावर बसून होते. एवढा मोठा माणूस, त्यांना उठताच येईना.

माणूस गेल्यावर घरात कामं असतात, येणारे-जाणारे असतात, त्यात दिवस ढकलले जातात. ते सगळं संपल्यावर ताईच्या मनात एकच गोष्ट राहिली. रक्तात औषध कमी होतं. गोळ्या तर तो रोज घेत होता. मग गोळ्याच खोट्या होत्या. तिनं डबा खाली काढला, पाकिटं जमिनीवर पसरली आणि बघत बसली. लाल खोक्यातली कोणती, पट्ट्यावरची कोणती, दुकानातली कोणती? सगळी एकत्र झालेली. लाल खोक्यातला माल खराब म्हणूनच खोक्यात जातो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्या लाइनवर वर्षं काढली, लोकांच्या पोटात वाईट गोळी जाऊ नये म्हणून डोळे फोडले, आणि आपल्या हातानं चोरून आणलेलं वाईट ते भावाला खाऊ घातलं. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. कामावर जायला लागली, तेव्हा एक दिवस तिच्यापुढून रिकाम्या कप्प्याची दोन पाकिटं तशीच निघून गेली. शेजारणीनं हात लांब करून उचलली आणि काही घडलंच नाही अशा थाटात लाल खोक्यात टाकली.

एका सुट्टीच्या सकाळी दारात एक बाई उभी राहिली. किडकिडीत, पदर पिरगाळत असलेली. मी चहावाली, दुकानाबाहेरची, म्हणाली. ताईनं तिला आत घेतलं. सांत्वनाला आली असेल असं तिला वाटलं. पण ती बाई खाली बसली, पाणी नको म्हणाली आणि सरळ बोलायला लागली.

तीही हीच गोळी घ्यायची, लग्नाच्या आधीपासून. दुकानात मिळेनाशी झाली आणि ती पडायला लागली. त्या दिवशी सोन्यानं तिला उचललं, शुद्धीवर आणलं आणि विचारलं, तुम्ही गोळी कोणती घेत होतात? दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी चहाला यायचा. खिशातून फडकं काढायचा, गोळी रेघेवर मोडायचा, अर्धी तिच्या हातावर ठेवायचा आणि उरलेली अर्धी तिच्यासमोर आपण घ्यायचा.

"मी म्हटलं, अर्धी का मोडता? तर म्हणाले, रेघ कशाला दिलीय मग, दोघांना पुरावी म्हणूनच ना. म्हणाले, माझी ताई त्याच कारखान्यात आहे, वाटेल तेवढ्या आणते, मी घरी आणखी एक घेतो." तिनं पदराचा पीळ सोडला. "मला ते खरं वाटलं. म्हणजे, खरं वाटून घेतलं. एकदा ते समोर बसले असताना त्यांचा कप हातातून पडला होता. मी बघितलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी हात पुढे केलाच."

ताईनं फळीवरच्या डब्याकडे पाहिलं.

"ते म्हणायचे, तुम्ही दिवसभर विस्तवापाशी असता, मी काय, स्टुलावर बसलेला माणूस."

ताईला पहिल्यांदा वाटलं ते सुटल्यासारखं. गोळ्या खऱ्या होत्या. तिनं आणलेल्या गोळ्या खऱ्या होत्या. छातीवरून कुणीतरी धोंडा उचलावा तसा तिला श्वास आला आणि त्याच श्वासाबरोबर तिला स्वतःची लाज वाटली. मग राग आला, तो या बाईचा नाही, सोन्याचा. मला एक शब्द सांगितला नाही. पण सांगितलं असतं तर तिनं नाहीच म्हटलं असतं. मोजक्या गोळ्यांत परक्या बाईला वाटेकरी तिनं कधीच केलं नसतं. हे तिला ठाऊक होतं, आणि त्यालाही, म्हणून तर तो बोलला नाही.

"तुम्ही आता जा," ती म्हणाली.

बाई उठली. तिनं काही मागितलं नाही. दाराशी चपला घालताना तिचा तोल जरासा गेला, तिनं चौकट धरली आणि ती जिना उतरून गेली.

पुढचे काही दिवस ताईनं डब्याकडे पाहिलं नाही. मग एका संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर ती घरी गेली, डबा पिशवीत घातला आणि चष्म्याच्या दुकानाकडे निघाली. चहावाली स्टोव्ह पुसत होती. ताईनं पिशवी बाकड्यावर ठेवली आणि म्हणाली, "रोज एक घ्यायची. अख्खी. माझ्यासमोर."

तेव्हापासून ती रोज सुटल्यावर तिथे थांबायला लागली. दोघी फार बोलायच्या नाहीत. बोलायला होतं ते एकच आणि ते दोघीही टाळत होत्या. चहावाली पाण्याबरोबर गोळी घ्यायची, ताई बघायची, आणि उठून घरी जायची. काका कधी कधी दुकानातून बाहेर येऊन उभे राहायचे. मागच्या खोलीत त्यांनी अजून कुणाला ठेवलं नव्हतं. काचा बाहेरून घासून आणायचे. ताईनं चहावालीला एकदा डॉक्टरणीकडेही नेलं. नवी गोळी तिला मानवली, अंगाला काही झालं नाही, पण स्टोव्ह आणि दोन बाकड्यांच्या कमाईत ती बसेना. महिना संपला तशी गोळीही संपली. डबाही एक दिवस रिकामा झाला. त्यानंतर चहावाली एकदा स्टोव्ह पेटवता पेटवता पडली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पट्टी बांधलेल्या हातानं ती पुन्हा तिथेच बसली. दुसरं कुठे बसणार?

मग फाइल उठली. कशी उठली ते कुणाला ठाऊक. कारखान्यात बातमी आली की त्या जुन्या गोळीचा भाव सरकारनं थोडा वाढवून दिला आणि दुसऱ्या एका कंपनीनं ती बनवायला घेतली. वाढवून दिला तो किती, तर एका पाकिटामागे एका कप चहाची किंमतही होत नाही एवढा. जेवणाच्या सुट्टीत हे ऐकलं तेव्हा ताईचा घास हातातच राहिला. शेजारणीनं विषय बदलला.

थोड्याच दिवसांत चौकातल्या टकलू औषधवाल्यानं तिला रस्त्यावरून जाताना पाहिलं आणि दुकानातून हाक मारली. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. चेहरा फुललेला, काउंटरवर एक नवं कोरं खोकं. त्यानं ते उघडून तिच्यापुढे सरकवलं. पाकिटाचा रंग वेगळा होता, गोळी तीच.

"आली बघा तुमची गोळी. तेव्हा तुम्हाला एकच पाकीट दिलं ना, मला फार लागून राहिलं होतं. आता किती पाहिजेत तेवढी घ्या." पाकिटं काढता काढता त्यानं विचारलं, "भाऊ कसा आहे?"

"बरा आहे," ताई म्हणाली.

असं का म्हणाली ते तिला कळलं नाही. त्यानं पिशवीत पाकिटं घातली, तिनं पैसे दिले, सुटे परत घेतले आणि रस्ता ओलांडून ती चालायला लागली. चष्म्याच्या दुकानापाशी येईपर्यंत दिवे लागायची वेळ झाली होती. चहावाली डाव्या हातानं कप विसळत होती. ताईनं पिशवी तिच्याजवळ ठेवली. चहावालीनं आत डोकावून पाहिलं. इतकी पाकिटं एका वेळी तिनं कधी पाहिली नव्हती.

"काय म्हणाला दुकानदार?" तिनं विचारलं.

ताई बाकड्यावर बसली. "किती पाहिजेत तेवढी घ्या, म्हणाला."

चहावालीचा हात कपावर तसाच थांबला. मग तिनं पाण्याचा पेला भरला, एक गोळी काढली आणि ताईकडे बघत गिळली. स्टोव्हवर दुसऱ्या कुणासाठी ठेवलेला चहा उतू जाऊ लागला, आणि तो खाली उतरवायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही.